पतंग नावाचा चौकोन

आठवीच्या भूमितीत चौकोनांच्या प्रकारांचं एक प्रकरण आहे. आयत, चौरस, समभुज, समांतरभुज, समलंब असे एकेक चौकोन येतात आणि सगळ्यांच्या शेवटी येतो पतंग. तिथवर पोचेपर्यंत तास संपत आलेला असतो, पुढचं प्रकरण खुणावत असतं, आणि 'हा घरी वाचून घ्या' असं सांगून पान उलटलं जातं. मी नाशकात गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना पतंगाबद्दल एवढंच आठवत असतं की शेवटी तसं काहीतरी होतं. मला वाटतं हा क्रम उलटा असायला हवा. चौकोनांत पतंग आधी शिकवावा आणि बाकीचे त्याच्या मागून यावेत.

त्याची उपेक्षा जुनीच आहे. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात चौकोनांची ओळख करून दिली आहे. चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज यांना त्याने नावं दिली आणि उरलेल्या सगळ्या चौकोनांना मिळून एकच नाव देऊन तो पुढे गेला. त्या उरलेल्यांच्या गर्दीत पतंगही आहे. तेरा पुस्तकांच्या त्या ग्रंथात पुढे युक्लिड जागोजागी पतंगाचाच आधार घेतो, फक्त त्याचं नाव घेत नाही.

मागच्या संक्रांतीच्या सुमारास माझ्याकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुस्तकातला पतंग असा लांबुडका का काढलाय? गंगेवर उडतात ते तर सगळे चौरस असतात."

निरीक्षण अगदी बरोबर होतं. आपल्याकडे गोदाघाटावर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात), जुन्या नाशकातल्या गच्च्यांवर, सिडकोच्या मैदानांत जो पतंग चढतो तो टोकावर उभा केलेला चौरसच असतो. खाली लांब निमुळता होत गेलेला, शेपटीला फिती लावलेला पतंग आपण चित्रांत पाहतो, आकाशात फारसा नाही. यावर एक तयार उत्तर आहे. ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो त्याला पतंग म्हणायचं, अशी पुस्तकातली व्याख्या. चौरसाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून प्रत्येक चौरस हा पतंगही असतो. समभुज चौकोनही. मी ते सांगितलं. तिने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं तर व्हायलाही नको होतं. 'चौरस असला तरी तो पतंगही आहे' हे व्याख्येने दिलेलं उत्तर झालं. तिचा प्रश्न वस्तूबद्दल होता. उडणारी ती वस्तू चौरस आहे की पतंग?

तिचं उत्तर सापडतं पतंगाच्या सांगाड्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस आकाश भरलेलं असतं. गच्चीगच्चीवर दोरा गुंडाळायची आसारी फिरत असते, हलकडी हे वाद्य कडाडत असतं आणि पतंग कापला की 'वकाट'ची आरोळी उठते. त्या गर्दीच्या आधी, पतंग तयार होत असताना एकदा जाऊन बघावं. कागदाचा चौरस समोर असतो. त्याच्या एका कर्णावर, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, एक सरळ काडी बसते. दुसरी कामटी वाकवून तिची कमान करतात. कमानीची दोन टोकं डाव्या-उजव्या कोपऱ्यांना आणि तिचा मध्य वर, उभ्या काडीच्या वरच्या भागात. म्हणजे दुसऱ्या कर्णावर काडी नसतेच, त्याच्या वरून ताणलेली कमान असते. तिथल्या एका काकांनी मला बांबूची सोललेली कामटी बोटावर तोलून दाखवली. ती एका अंगाला कलली. त्या अंगाने त्यांनी चाकूने अगदी हलका पापुद्रा तासला, पुन्हा तोलली. "ताई, मध्याच्या दोन्ही बाजूंना वजनही सारखं पाहिजे आणि वाकही सारखा पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर पतंग एकाच अंगाला जातो."

कागदाच्या कडेकडे पाहिलं तर आकृती चौरस आहे. चौरसाला आरशाच्या चार रेषा असतात: दोन कर्ण आणि समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या दोन. पण सांगाडा पाहिला की या चारांतल्या तीन रेषा गळून पडतात. कमान वर आहे, खाली नाही. शेपटीची छोटी त्रिकोणी चिंधी खाली आहे, वर नाही. दोरा बांधायला काडीला जे मंगळसूत्र घालतात त्याची एक गाठ वर, कमान आणि काडी जिथे छेदतात तिथे, आणि दुसरी बरीच खाली. वर-खाली सारखं असं काहीच उरत नाही. उरतो फक्त उभा अक्ष, डाव्याला उजव्यावर तंतोतंत बसवणारा. जिचा एकच कर्ण सममितीचा अक्ष आहे अशी चौकोनी वस्तू म्हणजे नेमका पुस्तकातला पतंग. त्या मुलीला मी पुढच्या तासाला हे सांगितलं: कागद चौरस आहे, आणि जे उडतं ते पतंग आहे.

उडायला तेवढीच सममिती लागते. वारा समोरून येतो तेव्हा डाव्या पंखावर आणि उजव्या पंखावर सारखा दाब बसला पाहिजे, म्हणून तो अक्ष हवा. वर-खालीचा फरक तर मुद्दाम हवा असतो, कारण त्या फरकामुळेच पतंग वाऱ्याला तिरका धरून राहतो. दोरा खेचला की कमानीचे दोन्ही पंख मागे वाकतात, आकार किंचित होडीसारखा होतो आणि पतंग नाकाच्या दिशेने सरळ सुटतो. ढील दिली की कमान सैलावते, पतंग सपाट होतो आणि गिरक्या घेऊ लागतो. पेच लढवणारा मुलगा दोऱ्यातून हा आकारच कमी-जास्त करत असतो. (तो दोरा साधा सुती असावा, एवढं इथे म्हटल्याशिवाय राहवत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापल्याच्या बातम्या येतातच.)

येवल्यातल्या त्या कामट्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पतंग करणारा बाजूंपासून सुरुवात करत नाही. तो आधी उभा कर्ण टाकतो, मग आडव्याची टोकं ठरवतो, बाजू आपोआप पडतात. आपलं पाठ्यपुस्तकही पतंगाची व्याख्या कर्णांवरूनच करतं. इतर अनेक पुस्तकांत 'लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या एकरूप' अशी व्याख्या असते. दोन्हींतून एकच आकृती मिळते, पण कर्णांची व्याख्या हाताला अधिक खरी वाटते. चार काड्या टोकांना सैल बांधून चौकोन करा, तो हातात लुळा पडतो. बाजू त्याच राहतात आणि आकार बदलत जातो. तिरपी काडी घातली की ताठ होतो.

हे आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी फार जोरात सांगून ठेवलंय. ११५० च्या 'लीलावती'त चौकोनाच्या क्षेत्रफळाकडे येताना ते म्हणतात की कर्ण किंवा लंब न सांगता केवळ चार बाजूंवरून जो चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा. उदाहरणही तिथेच आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. आणि तोच चौरस असेल तर ६२५. बाजू तसूभरही बदललेल्या नाहीत. कर्णांच्या गुणाकाराची निमपट हे सूत्र कर्ण काटकोनात छेदणाऱ्या प्रत्येक चौकोनाला लागू पडतं, म्हणून पतंगालाही. मनमाडच्या पुढे चाळीसगाव लागतं, तिथून जवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. ही सगळी मंडळी आपल्या शेजारची. मुलांना मी हे आवर्जून सांगते.

पतंग पहिला शिकवावा, असं मला ज्यामुळे वाटतं ते कारण मात्र आकाशात नाही, कंपासपेटीत आहे.

रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायला आपण काय शिकवतो? निम्म्याहून जास्त अंतर कंपासमध्ये घ्या, एका टोकावरून वर-खाली कंस मारा, अंतर न बदलता दुसऱ्या टोकावरून मारा, छेदनबिंदू जोडा. मुलं करतात. का जमतं ते विचारलं की गप्प होतात. पण ती दोन टोकं आणि ते दोन छेदनबिंदू जोडून पाहा, समभुज चौकोन तयार होतो. आता वरच्या कंसांना एक अंतर घ्या आणि खालच्या कंसांना दुसरं, फक्त प्रत्येक जोडीला दोन्ही टोकांवरून सारखं. समभुज मोडला, पतंग झाला, आणि लंबदुभाजक तरीही अचूक तोच. म्हणजे 'अंतर बदलू नका' ही सूचना जितकी कडक वाटते तितकी कडक नाही. ती पाळायची असते प्रत्येक जोडीपुरती. कोन दुभागताना शिरोबिंदूवरून एक कंस, मग दोन्ही भुजांवरून दोन सारखे कंस: पुन्हा पतंगच. रेषेबाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब टाकायचा, तोही पतंगच. एकच सिद्धता सगळ्यांना पुरते. मधल्या रेषेने पतंगाचे दोन त्रिकोण होतात, दोन-दोन बाजू सारख्या आणि तिसरी सामाईक. बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी लावली की संपलं. तीन वेगळ्या रचना म्हणून घोकल्या जाणाऱ्या गोष्टी एकाच आकृतीचे तीन उपयोग आहेत, हे कळल्यावर मुलांचं ओझं खरोखर उतरतं. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

यातलं मला सर्वांत आवडणारं प्रकरण रेषाखंड वहीच्या अगदी तळाशी असतो तेव्हाचं. खाली कंस मारायला जागाच नाही. मग दोन्ही जोड्या वरच मारायच्या, एक मोठ्या अंतराची, एक छोट्या. दोन छेदनबिंदू एकाच बाजूला येतात, ते जोडून रेषा खाली वाढवली की रेषाखंडाला बरोबर मध्यावर, काटकोनात भेटते. इथे तयार झालेला चौकोन आत चेपलेला, बाणाच्या टोकासारखा असतो. तोही पतंगाच्याच घरातला, बाबाबा तिथेही तशीच लागते.

कंपास नसतानाही लोक हेच करत होते. शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदींच्या मापांच्या प्राचीन ग्रंथांच्या काळी वेदी मांडताना आधी पूर्व-पश्चिम रेषा शंकूच्या (उभ्या रोवलेल्या काठीच्या) सावलीवरून ठरवत, मग तिच्या दोन खुंट्यांना दोरीची दोन टोकं अडकवून मधोमध धरून दोरी एकदा दक्षिणेला ताणत, एकदा उत्तरेला. दोन्हीकडे खूण केली की दक्षिणोत्तर रेषा मिळाली. दोरी एकच असल्याने आकृती समभुज. दोन वेगळ्या दोऱ्या घेतल्या असत्या तर पतंग झाला असता आणि दिशा तरीही चुकली नसती.

दहावीत आल्यावर पतंग पुन्हा भेटतो, पुन्हा बिननावाने. वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय. केंद्र, तो बिंदू आणि दोन स्पर्शबिंदू मिळून पतंगच होतो, आणि त्याचे दोन समोरासमोरचे कोन काटकोन असतात. आता कुठलाही त्रिकोण घ्या. त्याचं अंतर्वर्तुळ काढा, केंद्रातून तिन्ही बाजूंवर लंब टाका. त्रिकोणाचे तीन तुकडे पडतात आणि तिन्ही पतंग. कुठलाही त्रिकोण, कितीही वेडावाकडा, तीन काटकोनी पतंगांचा बनलेला असतो! ३, ४, ५ बाजूंचा त्रिकोण घेऊन पाहा. अंतर्वर्तुळाची त्रिज्या १ येते, स्पर्शिकाखंड १, २ आणि ३ येतात. काटकोनापाशी बसलेला पतंग १ बाजूचा चौरस आहे, त्याचं क्षेत्रफळ १. उरलेल्या दोघांची २ आणि ३. बेरीज ६, त्रिकोणाच्या क्षेत्रफळाएवढीच. मुलांना हे कागदावर कापून करायला दिलं की एरवी गणितापासून लांब बसणारी मुलंही तुकडे जुळवायला पुढे येतात.

त्रिकोणाचे तुकडे करताना आपोआप कळतं की पतंगाचं वर्तुळाशी जमतं. बाहेर फुगलेल्या कुठल्याही पतंगाच्या आत चारही बाजूंना स्पर्श करणारं वर्तुळ मावतंच. चारही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ मात्र दोन कोन काटकोन असतील तेव्हाच. याच्या बरोबर उलट वागतो समद्विभुज समलंब चौकोन. त्याला बाहेरचं वर्तुळ नेहमी असतं, आतलं क्वचित. पतंगाच्या लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या, समलंबाच्या लगतच्या कोनांच्या दोन जोड्या सारख्या. पतंगाच्या बाजूंचे मध्य जोडले तर आयत होतो, समलंबाच्या बाजूंचे जोडले तर समभुज चौकोन. हे दोघे जुळे आहेत, आणि ते योगायोगाने नाही. चौकोनाला आरशाची रेषा असेल तर चार शिरोबिंदूंपैकी रेषेवर नसलेल्यांच्या जोड्या लागतात. म्हणजे रेषेवर एकतर दोन शिरोबिंदू असतील किंवा एकही नसेल. दोन असतील तर पतंग, एकही नसेल तर समद्विभुज समलंब. तिसरी शक्यताच नाही. आयत, समभुज, चौरस हे सगळे या दोन घराण्यांतले, आणि चौरस दोन्हीकडचा. पाठ्यपुस्तकातली ती लांबलचक यादी या एका विचाराने किती आवरती होते!

गंमत म्हणून पतंगाचं महत्त्व पाहायचं तर फरशीकडे पाहावं. तसं कुठल्याही एका चौकोनाच्या फरश्यांनी जमीन फट न ठेवता भरता येते, पतंगाच्याही. पण १९७० च्या दशकात ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉजर पेनरोझ यांनी ७२ आणि १०८ अंशांच्या समभुज चौकोनाचे दोन तुकडे केले, एक पतंग आणि एक बाण. पतंगाचे कोन ७२, ७२, ७२ आणि १४४, बाणाचे ३६, ७२, ३६ आणि २१६. कुठली कड कुठल्या कडेला लावायची याचे साधे नियम पाळले तर हे दोन तुकडे अमर्याद जमीन भरतात, आणि तरी ती नक्षी सरकवून स्वतःवर कधीच तंतोतंत बसत नाही. त्यात पतंगांचं बाणांशी प्रमाण सुवर्ण गुणोत्तराकडे, १.६१८ च्या आसपास जातं. स्फटिकांतही अशी पुनरावृत्ती नसलेली रचना असू शकते हे डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये दिसलं, आणि त्याबद्दल २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

जगभरच्या सामान्य वाचकांपुढे हा पतंग आणि बाण आला तो मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या गणिती खेळांच्या सदरातून, जानेवारी १९७७ मध्ये. याच सदरात त्याआधी मार्च १९७५ मध्ये गार्डनर यांनी आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींबद्दल लिहिलं होतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, शाळामास्तर, ६१७४ या संख्येच्या गमतीदार गुणधर्माचे शोधक. संशोधनाची कुठलीही मोठी पदवी नसलेला देवळालीतला शिक्षक आणि ऑक्सफर्डचा प्राध्यापक एकाच सदरात, दोन वर्षांच्या अंतराने. नाशिककर म्हणून मला याचा मनापासून अभिमान वाटतो. कापरेकरांनी संख्यांशी जे केलं ते आकृत्यांशी करणारी माणसं अजूनही आहेत. मार्च २०२३ मध्ये डेव्हिड स्मिथ या इंग्लंडमधल्या निवृत्त छपाई तंत्रज्ञाच्या, जाड कागदाचे तुकडे कापून जुळवताना लक्षात आलेला एक आकार, तीन अभ्यासकांच्या साथीने सिद्धतेसह जगासमोर आला. तो एकटाच आकार, कधी सुलटा कधी उलटा ठेवून, पुनरावृत्तीशिवाय जमीन भरतो. गणिती कित्येक दशकं तो शोधत होते. तो बनलाय आठ पतंगांचा. सम षटकोनाच्या केंद्रातून बाजूंच्या मध्यांना रेषा जोडल्या की सहा सारखे पतंग पडतात, कोन ६०, ९०, १२० आणि ९०. तसे आठ.

शिकवायला सुरुवात कुठून करायची, असं मला कुणी विचारलं तर मी कागद दुमडायला सांगते. एकच घडी. घडीच्या कडेवर दोन बिंदू घ्या, बाहेर तिसरा कुठेही, त्रिकोण काढा आणि दोन्ही थर एकदम कापा. उघडलं की पतंग. तिसऱ्या बिंदूपासून घडीवर टाकलेला लंब त्या दोन बिंदूंच्या मधे पडला तर फुगलेला पतंग, बाहेर पडला तर बाण. नेमका एका बिंदूवर पडला तर चौकोनच नाहीसा होऊन समद्विभुज त्रिकोण हाती येतो. बाजू, कोन, कर्ण, काटकोन, सगळं त्या घडीत दिसतं, सिद्ध करायचं ते दोन थर एकमेकांवर बसतात एवढ्यावरून. समांतर रेषांची गरज इथे कुठेच पडत नाही. ती नंतर, समांतरभुजाकडे वळताना येऊ द्यावी. या जूनपासून माझ्या आठवीच्या मुलांचं चौकोनांचं प्रकरण असंच सुरू होणार आहे.